अजिंठ्याची छापचित्रे आणि वत्सगुल्माचा इतिहास

स्थानिक इतिहासाचा विषय घेऊन छापचित्रे आणि कोलाज करू पाहणारे विद्यार्थी इतिहासाच्या अभ्यासकाकडे येतात, तेव्हा त्यांची मागणी बहुधा एकच असते. त्यांना मजकूर नको असतो, चित्र हवे असते. गाविलगडाचे एखादे जुने चित्र, अचलपूरच्या वेशीचे एखादे छायाचित्र, अजिंठ्याची एखादी रंगीत पाटी त्यांना मिळाली की ते संतुष्ट होतात. मग ते चित्र लिनोलियमवर उतरते, कापले जाते, दुसऱ्या चित्राशेजारी चिकटवले जाते. ही मागणी अयोग्य आहे असे प्रस्तुत लेखकाला म्हणावयाचे नाही. परंतु जे चित्र आपण 'मूळ' म्हणून हाती घेतो, ते स्वतःच कोणीतरी कापून, जुळवून, दगडावर वा लाकडावर उतरवून आपल्यापर्यंत पोचवलेले असते, या गोष्टीकडे कलेचा विद्यार्थी जितके दुर्लक्ष करतो तितकेच इतिहासाचा विद्यार्थीही करतो. अजिंठ्याच्या बाबतीत या दुर्लक्षाची किंमत वऱ्हाडच्या इतिहासाला दीर्घकाळ मोजावी लागली. ती कशी, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

अजिंठा वऱ्हाडात नाही, हे खरे. लेणी वऱ्हाडच्या पश्चिम सीमेलगत, बुलढाणा जिल्ह्याच्या पलीकडच्या डोंगरात आहेत. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि लेणी निजामाच्या मुलखात राहिली, त्यामुळे ही सीमा कागदोपत्री अधिकच ठळक झाली. परंतु पाचव्या शतकात ही सीमा नव्हती. सोळाव्या लेण्यातील शिलालेखाप्रमाणे ते लेणे वराहदेव नावाच्या सचिवाने करविले आणि हा वराहदेव वाकाटक नृपती हरिषेण याच्या सेवेत होता. हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. 1 जुलै 1998 रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत वाशीम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. तेव्हा अजिंठ्याच्या महायान काळातील लेण्यांचा इतिहास हा वऱ्हाडच्या एका राजधानीचा इतिहास आहे. ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकात सहज लिहिली जाते. शंभर वर्षांपूर्वी ती कोणासही ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक नसण्यात अजिंठ्याच्या नकलांचा हात मोठा होता.

28 एप्रिल 1819 रोजी मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव व तारीख कोरली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे जे पाहुणे आले त्यांनी लेण्यांचे वर्णन केले आणि काहींनी लेण्यांचे तुकडेही नेले. डॉ. जेम्स बर्ड यांनी भिंतीवरील आकृती सोलून काढण्याचा उद्योग केला. गिलाव्याचा भुगा झाला आणि चित्रे गेली. सोळाव्या लेण्यातील एक तुकडा फिरत फिरत अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयात पोचला, तो तेथे आहे. चित्र भिंतीपासून वेगळे करून दुसरीकडे लावण्याची ही पहिली धडपड होय. तिला कलेचे नाव देणे हा कलेचा अपमान ठरेल. परंतु भिंतीचा तुकडा भिंतीबाहेर गेला की तो कोणत्या कथेचा होता हे कोणी सांगू शकत नाही, एवढे मात्र तिने आरंभीच दाखवून दिले.

जेम्स फर्ग्युसन यांनी 1843 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे पश्चिम भारतातील लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढून घ्याव्यात असा आग्रह धरला. कंपनी सरकारने तो मानला. 1844 मध्ये मद्रास सैन्यातील कॅप्टन रॉबर्ट गिल यांची या कामावर नेमणूक झाली. गिल यांचे पुढचे सारे आयुष्य अजिंठा आणि फर्दापूर यांच्या परिसरात गेले. सुमारे वीस वर्षे ते कॅनव्हासवर तैलरंगांत भिंतीच्या आकाराच्या प्रती काढीत होते आणि त्या लंडनला पाठवीत होते. अंधारी लेणी, पाझरणारे पाणी, पाखरांची व वटवाघळांची घाण आणि 1857 च्या धामधुमीने आलेला खंड, हे सारे जमेस धरले म्हणजे त्यांच्या चिकाटीचे नवल वाटते. गिल आणि पारो यांची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे, कवी ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या काव्याने ती घरोघरी नेली. येथे तिचा विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. लोकांच्या स्मरणात गिल प्रियकर म्हणून उरला आणि चित्रकार म्हणून जवळजवळ पुसला गेला, एवढेच नमूद करतो. पुसला जाण्याचे कारणही उघड आहे. त्यांची बहुतेक चित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती आणि 30 डिसेंबर 1866 रोजी तेथे लागलेल्या आगीत ती जळून गेली. जी वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गिल यांचा अंत 1879 मध्ये झाला. त्यांची कबर भुसावळ येथे आहे.

जळालेल्या चित्रांचे काय उरले? येथे छापचित्राचा संबंध येतो. 1856 मध्ये श्रीमती स्पायर यांचे प्राचीन भारतीय जीवनावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे जॉर्ज शार्फ (धाकटे) यांनी लाकडी ठशांसाठी रेखाटली होती आणि त्यांत गिल यांच्या प्रतींवरून घेतलेली अजिंठ्याची चित्रे होती. हाताच्या पंजाएवढ्या त्या काळ्या-पांढऱ्या आकृती दहा-दहा फुटी कॅनव्हासच्या मानाने क्षुल्लक होत. पण कॅनव्हास जळाला आणि लाकडी ठशाची छपाई राहिली. तिच्यात काय टिकले हेही पाहिले पाहिजे. लाकडी ठशाला रेषा कळते, रंगाची छाया कळत नाही. अजिंठ्याच्या चित्रकाराने शरीराचा गोलवा रंगाच्या चढ-उताराने साधला. ठसा कोरणाऱ्याने तो समांतर रेघांनी दाखविला. शिवाय ज्या लोकांसाठी पुस्तक निघाले त्यांच्या डोळ्यांना सवयीचे असलेले ग्रीक पुतळ्यांचे वळण त्या चेहऱ्यांना नकळत आले. भिंत ते गिल, गिल ते शार्फ, शार्फ ते लाकूड आणि लाकूड ते कागद असा हा प्रवास आहे आणि प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळाले आहे.

गिल यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला. 1864 मध्ये फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांची छायाचित्रे पुस्तकरूपाने निघाली. छायाचित्र शाईने छापण्याची सोय त्या काळी सुलभ नसल्यामुळे या पुस्तकांच्या प्रत्येक प्रतीत खरी छायाचित्रे हाताने चिकटवलेली आहेत. अजिंठ्याबरोबर लोणारच्या देवळांचीही छायाचित्रे गिल यांनी घेतली, म्हणून वऱ्हाडच्या अभ्यासकाला त्यांचे ऋण दुहेरी आहे.

गिल यांची चित्रे जळाल्यावर काम पुन्हा आरंभापासून करणे भाग पडले. 1872 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास आले. मधली काही वर्षे वगळता 1885 पर्यंत हे काम चालले. या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हे पुढे नामांकित झाले; बाकीच्यांची नावे ग्रंथाच्या प्रस्तावनेपलीकडे गेली नाहीत. वास्तविक अजिंठ्याच्या चित्रांसमोर हिंदी चित्रकारांची एक पिढी महिनोन्महिने बसली, ही आपल्या कलेच्या इतिहासातील केवढी मोठी घटना! परंतु तिचे श्रेय परंपरेने एकट्या ग्रिफिथ्सना दिले जाते. या प्रतीही लंडनला गेल्या आणि त्यांतील बऱ्याच 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. एकाच कामावर दोनदा अग्निदेवाची अवकृपा व्हावी, हा योग दुर्मिळच.

जे उरले त्यावरून 1896 आणि 1897 मध्ये ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे खंड निघाले. त्यांतील रंगीत पाट्या विल्यम ग्रिग्ज यांच्या कारखान्यात शिळाछापाने तयार झाल्या. शिळाछापाची रीत अशी की सपाट चुनखडीच्या दगडावर स्निग्ध पदार्थाने चित्र काढावयाचे, मग दगड ओला करावयाचा. ओल्या भागावर तेलकट शाई बसत नाही, स्निग्ध रेषेवरच बसते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगास वेगळा दगड लागतो आणि कागद तितक्या वेळा छापखान्यातून जातो. म्हणजे रंगीत शिळाछाप हे एक चित्र नसून एकावर एक बसवलेली अनेक चित्रे असतात. कोणत्या रंगास दगड द्यावयाचा आणि कोणता रंग दोन दगडांच्या मिश्रणावर सोडावयाचा, हे चित्रकार ठरवीत नाही, छापणारा ठरवितो. अजिंठ्याचा जो तांबूस-सोनेरी रंग आपण पुस्तकातून ओळखतो, त्यात लंडनच्या छापखान्याचाही वाटा आहे. त्यात भर म्हणजे प्रती काढताना चित्र उजळ दिसावे म्हणून भिंतींवर वार्निश फासण्यात आले. ते काळाने पिवळे पडले. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी जे उपचार केले, त्यांतही लाखेचे लेपन होतेच. अशा रीतीने नक्कल करण्याच्या खटपटीत मूळच नकलेसारखे दिसू लागले. (1909 ते 1911 मधील श्रीमती हेरिंगहॅम यांचे काम, ज्यात नंदलाल बसू व असितकुमार हलदार होते, आणि 1930 ते 1955 या काळात निघालेले गुलाम याझदानी यांचे चार भाग यांचा विचार स्वतंत्रपणेच केला पाहिजे.)

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पहिल्या लेण्यातील एका भिंतीवर राजदरबाराचा प्रसंग आहे आणि त्यात टोकदार टोप्या घातलेले दाढीवाले परदेशी पुरुष दिसतात. त्याच लेण्याच्या छतावर लहान चौकटींत, परदेशी वेषातील एक पुरुष हाती पेला घेऊन बसलेला आहे. शेजारी स्त्री आहे, सेवक आहेत. छतावरचा हा प्रसंग थोड्याफार फरकाने चार ठिकाणी आलेला आहे. 1879 मध्ये फर्ग्युसन यांनी लंडनमध्ये पोचलेल्या प्रतींच्या आधारे असा निष्कर्ष मांडला की, छतावरील पुरुष म्हणजे इराणचा बादशहा दुसरा खुस्रौ, शेजारची स्त्री म्हणजे शिरीन, आणि भिंतीवरील प्रसंग म्हणजे त्याच्या वकिलांनी बदामीच्या चालुक्य दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात आणलेला नजराणा. त्याला आधार म्हणून तबरी या इतिहासकाराच्या ग्रंथात हिंदुस्थानच्या एका राजाने खुस्रौशी केलेल्या पत्रव्यवहाराचा जो उल्लेख येतो, तो जोडण्यात आला.

ही रचना कशी झाली ते नीट पाहावे. भिंतीचा एक तुकडा, छताचा एक तुकडा आणि बगदादच्या एका ग्रंथाचा एक तुकडा, असे तीन तुकडे शेजारी ठेवले आणि त्यांतून एक घटना निर्माण झाली. विसाव्या शतकात पॅरिसच्या चित्रकारांनी वर्तमानपत्राचे कपटे चित्रावर चिकटवून ज्या कलाप्रकाराला कोलाज हे नाव मिळवून दिले, त्याहून ही जुळवणी फारशी वेगळी नाही. फरक इतकाच की चित्रकाराने सांधे दाखविले, इतिहासकाराने ते बुजविले. फर्ग्युसन यांनी तरुणपणी लेणी स्वतः पाहिली होती, म्हणून त्यांना अनभिज्ञ म्हणता येत नाही. परंतु लेण्यात उभे राहिले असता भिंतीवरील प्रसंग भोवतालच्या बौद्ध कथांच्या ओघात दिसतो आणि छतावरील चौकट फळे, पाखरे, वेलबुट्टी यांच्या शेकडो चौकटींतील एक म्हणून दिसते. प्रतीत दोन्ही सुट्या येतात आणि दालनाच्या भिंतीवर बरोबरीने टांगल्या जातात. सुटे तुकडे जुळविण्याचा मोह फर्ग्युसन यांच्यासारख्या विद्वानालाही आवरला नाही.

परिणाम काय झाला? चित्र पुलकेशीच्या दरबाराचे, म्हणजे ते सातव्या शतकातले. आणि पहिले लेणे चालुक्यांच्या काळातले. हे कालमान पाठ्यपुस्तकांत शिरले आणि 'इराणी वकिलात' हे नाव तर अजूनही मार्गदर्शकांच्या तोंडी आहे. पुलकेशीचे नाव दक्षिणेच्या इतिहासात इतके तेजस्वी की त्याच्यापुढे वाशीमचा हरिषेण कोणाच्या ध्यानी यावा? आज बहुतेक अभ्यासक भिंतीवरील प्रसंग बौद्ध कथेतील मानतात, आणि वॉल्टर स्पिंक यांनी पहिले लेणे खुद्द हरिषेणाच्या काळचे, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील ठरविले आहे. स्पिंक यांच्या वर्षावर्षाच्या कालगणनेस अनेकांचे आक्षेप आहेत आणि त्यांतील काही प्रस्तुत लेखकासही पटतात. परंतु चित्रांचे सातव्या शतकातील स्थान आता कोणी गंभीरपणे मांडीत नाही.

वत्सगुल्माचा पत्ता लागला तो चित्रांच्या प्रतींवरून नव्हे, अक्षरांच्या ठशांवरून. ठसा आणि छाप हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण या दोन क्रिया भिन्न आहेत. छापात शाई कोरलेल्या लाकडास, दगडास वा धातूस लावतात आणि कागद त्यावर दाबतात. म्हणून मूळ अक्षर उलटे कोरावे लागते. शिलालेखाचा ठसा घेताना ओला कागद दगडावर बसवून ब्रशाने ठोकतात, तो अक्षरांच्या खाचांत शिरतो. मग कागदाच्या वरच्या अंगास शाईची पुरचुंडी फिरवितात. उंच भाग काळा होतो, खाच पांढरी राहते आणि अक्षर सुलटे वाचता येते. छापणाऱ्याला निवड करावी लागते. ठसा घेणाऱ्याला निवड करण्यास फारसा वावच नसतो. दगडाचा टवका उडाला असेल तर तोही ठशात येतो.

तांब्यावर अक्षर कोरण्याची विद्या तर वऱ्हाडात जुनीच. अचलपूरजवळच्या चमक येथे शेतात सापडलेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटाने भोजकट राज्यातील चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे सांगितले आहे. भोजकट म्हणजे अमरावतीजवळचे भातकुली आणि चर्मांक म्हणजे चमक. फ्लीट यांनी 1888 च्या आपल्या ग्रंथात हा ताम्रपट संपादिला. गमतीची गोष्ट अशी की, ज्या ग्रिग्जच्या कारखान्यात अजिंठ्याच्या रंगीत पाट्या निघाल्या, त्याच कारखान्यात 'इंडियन अँटिक्वेरी'सारख्या नियतकालिकांतील कोरीव लेखांच्या ठशांच्या पाट्याही छापल्या जात. यंत्र एक, कारागीर एक; पण एका कामात निवड होती आणि दुसऱ्यात ती टाळण्याचा प्रयत्न होता. कोरलेल्या तांब्यावरून कागद छापण्याची कल्पना मात्र आपल्याकडे उशिरा आली. पेशवाईच्या अखेरीस पुण्यातील इंग्रज वकील मॅलेट यांच्याकडून ही युक्ती शिकलेल्या एका तांबटाने मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 मध्ये ताम्रपत्र्यांवरून भगवद्गीता छापली, हे अ. का. प्रियोळकर यांनी विस्ताराने सांगितले आहे.

1939 साली वाशीमचा ताम्रपट उजेडात आला. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि त्यांचे सहकारी महाजन यांनी त्याची वार्ता प्रथम विद्वानांपुढे ठेवली. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या सदतिसाव्या राज्यवर्षी वत्सगुल्माहून दिलेले हे दान. त्यातील वंशावळीत पहिल्या प्रवरसेनानंतर सर्वसेनाचे नाव आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखात त्याच जागी पूर्वीच्या विद्वानांनी 'रुद्रसेन' असे वाचले होते, कारण वाकाटकांची ज्ञात वंशावळ तशी होती. दगड झिजलेला, तेव्हा गेलेली अक्षरे अपेक्षेने भरून निघाली. वा. वि. मिराशी यांनी लेख पुन्हा तपासला आणि तेथे 'सर्वसेन' आहे हे दाखविले. त्यांचे हे संपादन 1941 मध्ये हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने प्रसिद्ध केले. एका नावाच्या दुरुस्तीने वाकाटकांच्या दोन शाखा वेगळ्या झाल्या, वाशीम राजधानी ठरली आणि वराहदेवाचा धनी वऱ्हाडचा राजा ठरला. मिराशी पुढे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य होते, हे येथील विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा समग्र खंड 1963 चा.

यावरून चित्र खोटे आणि लेख खरा असा अर्थ कोणी काढू नये. 'रुद्रसेन' हे वाचनही लेखाचेच होते. दोन्ही ठिकाणी चूक झाली ती गेलेला भाग भरून काढताना झाली, आणि भरलेला भाग नंतर वेगळा ओळखू आला नाही म्हणून ती टिकली. मिराशी यांनी अनिश्चित अक्षरे कंसात ठेवण्याची जी पद्धत काटेकोरपणे पाळली, तिला चित्रात समांतर असे काहीतरी शोधता आले पाहिजे. कोलाजमध्ये ते सहज शक्य आहे. ग्रिफिथ्सच्या पाटीचा तुकडा वापरला तर त्याची कडा दिसू द्यावी, आणि जेथे भिंतीवर चित्र उरलेले नाही तेथे कागद कोरा ठेवावा.

सुरुवात मात्र अजिंठ्यापासून करू नये. संरक्षित वास्तूचा ठसा घ्यावयाचा तर पुरातत्त्व खात्याची अनुमती लागते आणि अननुभवी हाताने दगडाची हानी होते. त्यापेक्षा घरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांकडे वळावे. हंडा, परात, घंगाळ यांवर कासाराने वा तांबटाने घातलेली नावे असतात. कोठे गाव असते, कोठे लग्नाची वा मुंजीची तिथी असते. त्यावर पातळ कागद ओला करून बसवावा, मऊ ब्रशाने ठोकावा, किंचित सुकू द्यावा आणि शाईची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवावी. नाव सुलटे उमटते. मग त्याच नावाच्या खाचांत शाई भरून, वरची शाई पुसून, दुसरा ओलसर कागद त्यावर दाबावा. नाव उलटे येते आणि भांड्याच्या पोचा त्यात उमटत नाहीत. दोन्ही कागदांवर भांडे कोणाच्या घरचे आणि कोणत्या दिवशी ठसा घेतला ते पेन्सिलीने लिहून ठेवावे.